वानवळा

"आधी तोंड उघड, मग बोल."

दवाखान्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला बाई हेच सांगायच्या. पोट दुखत असो, पायात काच गेलेली असो, नाहीतर नुसती खोकल्याची बाटली हवी असो. माणूस बसला की बाईंच्या डाव्या हातात बॅटरी यायची आणि उजव्या हाताचं बोट त्याच्या हनुवटीला लागायचं. एकदा कारखान्यातल्या एका कामगाराने तोंड उघडं ठेवूनच "आ... आ..." करत आपल्या गुडघ्याची सगळी कहाणी सांगितली. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, बॅटरी बंद केली आणि म्हणाल्या, "गुडघ्याचं कळलं. आता तंबाखू कधीपासून खातोस ते सांग."

बाई दातांच्या डॉक्टर नव्हत्या. त्या साध्या एमबीबीएस. सरकारी आरोग्य केंद्रात नोकरी केली, निवृत्त झाल्या आणि वसई पश्चिमेच्या पापडीतल्या आपल्या वाडीत केळी बघत बसायच्याऐवजी रोज सकाळी रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला येऊ लागल्या. पूर्वेला, जिथे कारखान्यांच्या चाळी संपतात आणि डोंगराकडचे पाडे सुरू होतात, तिथे एका ट्रस्टने दिलेल्या दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना होता. नोकरीत असताना त्यांनी फार उशिरा दाखवलेली तोंडं पाहिली होती. गालाला भोक पडेपर्यंत माणूस येत नसे. कारण दात दुखणं हे दुखणं आहे, पण त्यासाठी रोजगार बुडवावा असं ते नाही, अशी सगळ्यांची समजूत. म्हणून बाईंनी आपलं ठरवून टाकलं होतं. कुणी कशासाठीही येवो, तोंड बघायचंच.

तुम्हीही तुमच्या भागात असे एखादे डॉक्टर पाहिले असतील. त्यांच्याबद्दल आपण आदराने बोलतो आणि दुखलं की स्टेशनजवळच्या एसी क्लिनिकमध्ये जातो. मीही त्यातलाच. फरक इतकाच की मी स्वतः दंतवैद्य आहे, आणि शिकवतो ते सामाजिक दंतवैद्यक. म्हणजे, जिथे दंतवैद्य नाहीत तिथे ते कसे पोचवावेत हा माझा विषय. त्यावर मी उत्तम व्याख्यान देतो. आणि राहतो वसई पश्चिमेला, चौथ्या मजल्यावर.

कॉलेजच्या इंटर्न मुलांना काही दिवस बाहेरच्या दवाखान्यात काम करायला पाठवावं लागतं. मी वसईत राहतो म्हणून इकडच्या पोस्टिंगची जबाबदारी माझ्याकडे आली. पहिल्यांदा मी मुलांना घेऊन गेलो तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. पांढरी साडी, पायात रबरी चपला, गळ्यात स्टेथोस्कोप आणि एक बारीक क्रूस, दोन्ही एकमेकांत गुंतलेले.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"पंधरा दिवस, मॅडम. मग दुसरी तुकडी."

त्यांनी मुलांवरून नजर फिरवली. बाजारात भाजी बघावी तशी.

"म्हणजे वानवळा पाठवलाय तुम्ही," त्या म्हणाल्या. "आमच्या वाडीतलं पहिलं काही निघालं की आम्ही शेजारी देतो ना, दोन वांगी, चार मिरच्या. तसा. चव लागते न लागते तोवर संपतो. मला शेत हवंय, सर."

मुलं हसली. मीही हसलो. ती थट्टा नव्हती हे कळायला मला बराच काळ लागला.

बाईंना खरोखर एकच गोष्ट हवी होती. आपल्यानंतर त्या खोलीत रोज येऊन बसेल असं कुणीतरी. एक डॉक्टर आणि एक दंतवैद्य, दोघं शेजारी शेजारी. "तोंड एकाकडे आणि पोट दुसऱ्याकडे असं माणसाला चिरून कशाला शिकवता?" असं त्या मला विचारायच्या, जणू अभ्यासक्रम मीच लिहिला होता. त्यांचं वय होत चाललं होतं आणि ते कुणीतरी अजून आलेलं नव्हतं. दर तुकडीकडे बाई त्या एकाच आशेने बघायच्या.

मुलांना शिकवायची त्यांची रीत वेगळी होती. पहिल्या दिवशी पांढरा कोट काढून ठेवायचा आणि बाहेरच्या बाकावर पेशंटमध्ये जाऊन बसायचं. काही करायचं नाही, नुसतं बसायचं. दुसऱ्या दिवशी बाई प्रत्येकाला एकेक घर द्यायच्या. चाळीतली किंवा पाड्यावरची एखादी खोली दाखवून म्हणायच्या, "हे तुझं घर. आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळी तोंडं तुझी. ताप आला तरी तूच, दात आला तरी तूच." घरातल्यांनाही तसंच सांगायच्या: "हा तुमचा डॉक्टर."

एक मुलगा मोठ्या हौसेने प्लास्टरचा भलाथोरला जबडा घेऊन आला होता, ब्रश कसा फिरवायचा ते दाखवायला. त्याला मिळालेल्या घरातल्या एका बाईने प्रात्यक्षिक शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे. पण इथं पानी येतं दिवसाआड. ते आलं की आधी भांडी की आधी दात?" तिच्या पोराला भलतीच काळजी. त्याने जबड्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा कोनाचा? त्याला दुखत नाय काढला तवा?" संध्याकाळी तो मुलगा जबडा कुशीत घेऊन बसमध्ये बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने तो आणला नाही. तांब्याभर पाण्यात अख्ख्या घराने दात कसे घासायचे, ते त्याने आधी स्वतः करून पाहिलं आणि मग जाऊन दाखवलं. बाई त्याच्यावर खूश होत्या. चौदाव्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "आत्ता कुठे उपयोगाचा व्हायला लागला. न्या आता."

खुर्चीचं सांगायचं राहिलं. कॉलेजमधून बाद झालेली एक दातांची खुर्ची मी खटपट करून तिथे पोचवली होती. चांगली होती, फक्त तिला एक खोड होती. माणूस बसला की ती आपोआप, अगदी हळूहळू, खाली बसत जायची. चाळीतली पोरं त्या प्रवासासाठी खोटं खोटं दात दुखवून यायची. मेकॅनिक दोनदा येऊन गेला, खुर्ची बधली नाही. इंटर्न मुलं वैतागायची, पुन्हा पुन्हा पायाने दांडा मारून ती वर घ्यायची. बाई तसं करत नसत. खुर्ची खाली जाईल तशा त्या वाकत जायच्या, शेवटी जवळजवळ गुडघ्यांवर यायच्या, पण बॅटरीचा झोत हलायचा नाही. "पेशंट खाली गेला की आपणही जायचं," म्हणायच्या. "त्यात काय मोठं?"

आता रखमीआजी. पाड्यावरची म्हातारी, बारीक, कानात जड बाळ्या, सगळ्यांना अरेतुरे करणारी. तिच्या गालाच्या आत तंबाखू धरायच्या जागी एक पांढरा डाग होता. असा डाग लाल पडायला लागला की कॅन्सरची भीती, म्हणून बाईंना त्यावर सतत लक्ष ठेवायचं होतं. रखमीआजी बाईंपुढे तोंड उघडायची, बाकी कुणापुढे नाही. एकदा तिचं घर एका इंटर्न मुलीला मिळालं. मुलगी बॅटरी घेऊन पुढे झाली तशी आजीने ओठ घट्ट मिटले आणि मिटल्या ओठांतून विचारलं, "तू किती दिस?"

"पंधरा, आजी."

"मंग ऱ्हाव दे. तुला दावून काय करू? परत दुसरीला दावायचा, परत तिसरीला. माजा तोंड काय जत्रा हाय?"

हा प्रश्न फक्त तिचा नव्हता. त्या भागात नव्या डॉक्टरला कुणी नाव विचारत नसे, गाव विचारत नसे. सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच, किती दिवस? आम्हीच शिकवला होता तो त्यांना. बाईंनी घरं वाटायची रीत काढली, लोक आपल्या डॉक्टरला जीव लावू लागले, आणि मग तो डॉक्टर जायचा. एकदा मी बाईंना म्हणालोसुद्धा, की तुमच्या या पद्धतीने लोक जास्तच दुखावतात, त्यापेक्षा घरं देऊच नयेत.  त्या म्हणाल्या, "दुखावतात, खरंय. पण घर नाही दिलं तर तुमच्या पोरांना कधी कळणारच नाही, की आपण गेल्यावर कुणाला तरी दुखलं."

पोस्टिंग संपलं की प्रत्येकाला बाई सुकेळ्यांची एक पुडी द्यायच्या. राजेळी केळी उन्हात वाळवून त्या स्वतः करायच्या, केळीच्या सोपट्यात, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीत, बांधायच्या. "दाताला चिकटतं," त्या डोळे मिचकावत म्हणायच्या. "म्हणून दातांच्या डॉक्टरला देते. निदान आठवण तरी चिकटून राहील." मुलं फोटो काढायची, बाईंना मिठी मारायची, एखादी रडायची. बस पुलावर चढेपर्यंत पुड्या फुटलेल्या असायच्या आणि गप्पा पीजीच्या प्रवेशपरीक्षेच्या चाललेल्या असायच्या. मी त्यांना दोष देत नाही. मीही एक सुकेळं खात खिडकीबाहेर बघत असायचो.

एकदा शेत मिळेल असं वाटलं होतं.

बीडकडची एक मुलगी होती, स्वाती. कमी बोलणारी, हाताने फार हलकी. तिने दात काढला तरी पेशंट विचारायचा, कधी काढणार? बाईंची नजर तिच्यावर खिळली. मला म्हणाल्या, "हिच्याशी बोला. पण उपदेश करू नका." मी बोललो. उपदेश केला नाही असं मला वाटतं. पण गुरुजींनी शांतपणे सांगितलेली गोष्ट विद्यार्थ्याला उपदेशाहून जड जाते, हे मला समजायला हवं होतं. इंटर्नशिप संपल्यावर ती इथेच थांबली. पापडीला बाईंच्या घरी राहू लागली. सकाळी दोघी एकाच रिक्षाने पूल ओलांडायच्या. एका खोलीत बाई, शेजारच्या खोलीत ती, मधलं दार उघडं.

त्या वर्षात मी दोन गोष्टी पाहिल्या. एक, लोकांनी 'किती दिवस' विचारणं सोडून दिलं. दुसरी, रखमीआजीने स्वातीपुढे तोंड उघडलं. बाईंनी हे मला फोन करून सांगितलं. एरवी त्यांचा फोन औषधं संपली की येई. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "सर, म्हातारीने आज मला विचारलंही नाही. सरळ पोरीच्या खोलीत गेली." आणि हसल्या. बाईंना असं पोरीसारखं हसताना मी तेव्हा एकदाच ऐकलं.

स्वातीला मिळणारं मानधन नावापुरतं होतं. मी ट्रस्टकडे गेलो, कॉलेजकडे गेलो. सगळीकडे तिच्या सेवाभावाचं कौतुक झालं. कॉलेजने एक परिसंवाद घेतला, त्यात बाईंना पाहुणी म्हणून बोलावलं आणि स्वातीला पुष्पगुच्छ दिला. बाईंना दोन शब्द बोलायची विनंती झाली. त्या माईकजवळ गेल्या, उंची कमी असल्याने माईक कपाळाशी आला, तो खाली ओढला आणि म्हणाल्या, "सेवा म्हणू नका. सेवा म्हटलं की पगार द्यावा लागत नाही. हिला पगार द्या, राहायला खोली द्या, शिकायची पुढची सोय इथेच करा. मग बघा, दुसरीही येईल. नाहीतर येणार कोण?"

सभागृहात टाळ्या झाल्या. मग सूत्रसंचालकाने भोजनाची घोषणा केली.

 परत येताना गाडीत, वसईची पाटी दिसल्यावर बाई म्हणाल्या, "जेवण चांगलं होतं, सर."

स्वाती गेली. वडील निवृत्त झाले होते, धाकट्या भावाचं शिक्षण होतं, बोरिवलीच्या एका क्लिनिकमध्ये चांगली नोकरी मिळत होती. मी तिला आणखी सहा महिने थांबवायच्या विचारात होतो. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. बाईंनी मला दवाखान्याच्या मागे नेलं, नळ सोडला आणि त्या हात धुऊ लागल्या.

"तिला काही बोलायचं नाही," त्या म्हणाल्या.

"पण मॅडम, तुम्हीच तर..."

"मीच. हवी होती म्हणून धरली. आता मला हवी आहे म्हणून अडवून धरू? तुमची मुलगी असती तर थांबवलं असतंत?"

माझी मुलगी तेव्हा बारावीला होती आणि आमच्या घरात तिच्या डॉक्टरकीच्या क्लासचं वेळापत्रक फ्रिजवर लावलेलं होतं. ती पुढे कुठे काम करेल याचा विचार आमच्या घरात झाला होता. त्यात पूर्वेकडची ही खोली कधीच नव्हती. बाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी सहज विचारलं होतं. मी नळ बंद केला.

स्वातीला बाईंनी सुकेळ्यांच्या दोन पुड्या दिल्या. रखमीआजी आली नाही.

त्यानंतर पुन्हा वानवळा सुरू झाला. तुकड्या येत राहिल्या, मी वेळापत्रकं लावत राहिलो. थकवा कसा येतो बघा. एखादी गोष्ट बिघडते म्हणून नाही येत, ती तशीच सुरळीत चालू राहते म्हणून येतो. हजेरी व्यवस्थित होती, शिबिरांचे फोटो व्यवस्थित होते. कॉलेज पाहायला समिती आली की मी तेच फोटो दाखवायचो. फोटोंत बाई वाकलेल्या असायच्या. चेहरा दिसायचा नाही, पाठ दिसायची.

मग बाईंच्या डोळ्यांना कमी दिसू लागलं. शस्त्रक्रिया झाली, पण एक डोळा नीट सुधारला नाही. एके दिवशी त्यांनी मला विचारलं, "शनिवारी काय करता तुम्ही?"

"सुट्टी असते. घरीच असतो."

"मग या. बॅटरी मी धरते, बघा तुम्ही."

मी जाऊ लागलो. व्याख्यानं देता देता माझे हात मंदावले होते. बाई शेजारी उभ्या राहून बॅटरी धरायच्या आणि बारीक आवाजात कामाला लावायच्या: "गालाच्या आत. जीभ उचला. जिभेखाली बघितलंत? परत बघा." मला पन्नाशीत पुन्हा इंटर्न झाल्यासारखं वाटायचं. रखमीआजी यायची, बाईंच्या हाताला धरून बसायची. मी आरसा पुढे नेला की ओठ मिटायची. मग बाईच स्वतः, त्या एका डोळ्याने, अगदी नाक लागेल इतकं जवळ जाऊन बघायच्या. "डाग तेवढाच वाटतो. पण मला आता खात्री नाही, सर," त्या मला म्हणायच्या. "हिने तुम्हाला दाखवायला हवं."

माझ्याकडे बघून आजी म्हणायची, "हा कोन? हा तर बसवाला." मुलांना बसने घेऊन येतो तो मी. तिच्या लेखी माझी ओळख तेवढीच होती.

बाई गेल्या त्या पावसाळा संपल्यावर. सकाळी वाडीत केळीची सोपटी काढत होत्या, दम लागला म्हणून ओट्यावर बसल्या, तिथेच. पापडीच्या चर्चमध्ये मिस्सा झाली. पूर्वेकडची माणसं दोन टेम्पो भरून आली होती. त्यांतल्या बऱ्याच जणांनी चर्च आतून पहिल्यांदाच पाहिलं असेल. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे ते न कळून ती शेजारच्यांकडे बघत होती. इंटर्न मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. स्वाती मात्र आली. दफनभूमीत मूठभर माती टाकून ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"सर, दवाखान्याचं काय?"

"बघू," मी म्हणालो.

तिने मान हलवली. तिलाही माहीत होतं आणि मलाही, की या शब्दाचा आपल्याकडे काय अर्थ होतो.

ट्रस्टने डॉक्टरसाठी जाहिरात दिली आहे. अजून कुणी आलेलं नाही. एक निवृत्त डॉक्टर आठवड्यातून दोन सकाळी येऊन तापाची औषधं देतात. शनिवारी मी जातो. का जातो, हे मला नीट सांगता येणार नाही. जायचं नाही असं ठरवलं तर शनिवार कसा जाईल, ते मला दिसतं, म्हणून बहुधा.

गेल्या शनिवारी रखमीआजी आली. बाईंच्या नंतर पहिल्यांदाच. हाताला धरायला कुणी नव्हतं, तर पदराचं टोक मुठीत धरून खुर्चीत बसली. मी मास्क लावला, हातमोजे चढवले, बॅटरी घेतली. आणि तोंडातून आपसूक निघालं, "आधी तोंड उघड, आजी, मग बोल."

तिने ओठ मिटलेलेच ठेवले. माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "आदी तू बोल. मंग मी उघडते. किती दिस हाईस?"

मी मास्क खाली ओढला.

"शनिवारी येतो, आजी. दर शनिवारी."

"दर शनवारी," ती म्हणाली. तिने ते तोंडात घोळवून पाहिलं. "आन सोमवारी दुखला तर?"

बाहेर बाकावर माणसं बसलेली होती. त्यांनीही ऐकलं असावं, कारण दोघंतिघं आत वळून बघू लागली.  माझ्या विषयात या प्रश्नावर मोठमोठे आराखडे आहेत, ते मी दरवर्षी शिकवतो. त्यातलं एकही वाक्य त्या खोलीत बोलण्यासारखं नव्हतं.

"सोमवारी कुणी नाही, आजी," मी म्हणालो.

 दमलेल्या माणसाला आणखी कशाला छळायचं असं वाटल्यासारखी तिने मान मागे टेकवली आणि तोंड उघडलं.

बॅटरीच्या झोतात तो पांढरा डाग दिसला. त्याची एक कड लाल झाली होती. खुर्ची हळूहळू खाली बसू लागली. माझा पाय सवयीने दांड्याकडे गेला होता. तो मी मागे घेतला आणि तिच्याबरोबर वाकत गेलो.